मरिनर्सचे फॅन आहेत का कुणी इथे? (वर्ल्ड सिरीजपासून आठ आउट लांब)

बेलव्ह्यूचा_बंड्या
नमस्कार मंडळी. क्रिकेटचे इथे शेकड्याने धागे आहेत, टेनिसचा आहे, कबड्डीचासुद्धा आहे, बेसबॉलचा शोधला तर एकही मिळेना म्हणून शेवटी मीच काढतोय. विभाग चुकला असेल तर ॲडमिननी हलवावा. दिवाळी झाली, फराळाचे डबे रिकामे झाले तरी माझ्या डोक्यातून ती टोरोंटोची मॅच जात नाहीये आणि घरात आता कुणी ऐकून घेत नाही. बायको म्हणते ज्यांना कळतं त्यांच्याशी बोल, तर ऑफिसात ज्यांना कळतं ते माझ्याहून खचलेत, विषय काढला की मीटिंग आहे म्हणून उठतात.

माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. मेजर लीगमध्ये ३० टीम आहेत, त्यातल्या २९ कधी ना कधी वर्ल्ड सिरीज (म्हणजे लीगची फायनल) खेळल्यात. जिंकल्या नसतील, पण तिथवर पोचल्या तरी. राहिलेली एक म्हणजे आमची सिअ‍ॅटल मरिनर्स, जन्म १९७७. २००१ नंतर प्लेऑफ मिळाला तो थेट २०२२ ला, अमेरिकेतल्या चार मोठ्या खेळांत तेव्हाचा सगळ्यात लांब दुष्काळ.

आता माझं म्हणणं असं की खरी वाईट टीम असेल ना तर फॅनला त्रास नसतो. मे महिन्यात कळतं की यंदा काही खरं नाही, मग माणूस निवांत हॉट डॉग खातो, ऊन खातो, घरी येतो. आमच्या टीमची खोड अशी की ती वाईट नसते. ती जवळ नेते. २०२३ ला ८८ मॅच जिंकून एका मॅचने प्लेऑफ हुकला. २०२४ ला ८५ जिंकल्या, परत एका मॅचनेच हुकला. १६२ मॅचेसमध्ये एक! मग तुम्ही हिवाळाभर एप्रिलमधली ती एक मॅच शोधत बसता, कुठल्या तरी मंगळवारी नवव्या इनिंगला सोडलेली. आणि २०२३ च्या सीझननंतर आमच्या टीमचे मोठे साहेब जेरी डिपोटो पत्रकारांना सांगतात की दहा वर्षं ५४ टक्के मॅचेस जिंकत राहिलं की वर्ल्ड सिरीज होतेच. अहो, ८८ म्हणजे ५४ टक्केच की, त्याच वर्षी तर घरी बसलो! लोक एवढे भडकले की नंतर त्यांना माफी मागावी लागली.

दुसरं म्हणजे हे रोजचं आहे. क्रिकेटची फायनल हरलो की निदान आठवडाभर सुतक पाळता येतं. इथे मार्चअखेर ते सप्टेंबरअखेर मॅच रोजच्या दुधासारखी दारात येते, काल नासलेली असली तरी आज संध्याकाळी ७:१० ला नवीन पिशवी. सगळ्यात भारी टीमसुद्धा सहसा साठेक मॅचेस हरतेच. म्हणजे वर्षातल्या साठ संध्याकाळी खराब होणार हे गृहीत धरूनच या नादाला लागायचं.

तर २०२५. कॅल रॅली, आमचा कॅचर (आपल्या विकेटकीपरसारखा), त्याने ६० होमरन (म्हणजे सिक्सरच) मारले. कॅचरने! सगळी मॅच उकिडवं बसून काढणारा माणूस. आमच्या जुन्या हिरोचा, ग्रिफीचा, ५६ चा क्लबचा रेकॉर्ड मोडला, स्विच हिटर (दोन्ही हातांनी बॅटिंग करणारा) म्हणून मिकी मँटलचा ५४ चा मोडला. २००१ नंतर पहिल्यांदा डिव्हिजन जिंकली. डेट्रॉइटला पाचव्या मॅचमध्ये १५ इनिंगनंतर हरवलं, जवळजवळ पाच तास, त्यांचा पिचर (म्हणजे बॉलर) स्कुबलने १३ जणांना स्ट्राइकआउट करूनही. मग टोरोंटो, वर्ल्ड सिरीजच्या आधीची सेमीफायनल, सातातल्या चार जिंकायच्या. तिकडे जाऊन पहिल्या दोन जिंकलो. घरी येऊन दोन हरलो. पाचवीत स्वारेझने आठव्या इनिंगला ग्रँड स्लॅम (एका फटक्यात चार रन) मारला तेव्हा आमच्या बिल्डिंगमधले कधी न बोलणारे लोक बाल्कनीत येऊन ओरडत होते. सहावी हरलो. सातवी मॅच सोमवारी २० ऑक्टोबरला, आणि इथे लक्ष्मीपूजनही तेव्हाच. मॅच आमच्या वेळेने पाच वाजून गेल्यावर सुरू होणार म्हणून पूजा आधी उरकली, पाहुण्यांना फराळाला लवकर बोलावलं. हुलिओचा होमरन, रॅलीचा होमरन, ३-१ लीड. सातव्या इनिंगला आमचा पिचर वूने पहिल्याच माणसाला वॉक (फुकटचा बेस) दिला, मग सिंगल, मग बंट, दोन माणसं दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर, एक आउट, समोर जॉर्ज स्प्रिंगर. वूला काढला. आता मुन्योझ येणार असं सगळं सिअ‍ॅटल धरून चाललं होतं. आला बझार्डो. तीन रनचा होमरन. ३-४. नऊ इनिंगची मॅच, इनिंगला तीन आउट, म्हणजे अजून आठ आउट काढायचे होते, एवढंच अंतर होतं आमच्यात आणि पहिल्या वर्ल्ड सिरीजमध्ये. नवव्या इनिंगला हुलिओ शेवटचा स्ट्राइकआउट झाला तेव्हा रॅली पुढच्या नंबरला बॅट घेऊन उभा होता. उभाच राहिला.

हॉलमध्ये बसलेल्या एका काकांनी विचारलं, मग आता सेकंड इनिंग कधी?

बाकीच्यांनी आपापल्या टीमची दुःखं लिहा. किंवा सोडून दिलं असेल तर कसं सोडलं तेही लिहा, मला जमत नाहीये.

तिसरा_आउट
बंड्या, ये रे बाबा. रेडमंडहून हजर. मी इथे ९३ ला आलो, तेव्हा मॅच किंगडोममध्ये व्हायच्या, काँक्रीटचं मोठं झाकण, आत उजेड ट्यूबलाइटसारखा. सहकाऱ्याने फुकट तिकीट दिलं म्हणून गेलो आणि तिथे ग्रिफी ज्युनियर पळताना पाहिला, झालं, पुढचं आयुष्य वाया.

तुम्ही नवीन लोक २०२५ चं रडता, पण ९५ ज्यांनी पाहिलंय त्यांना विचारा. टीम शहर सोडून जाणार अशी हवा होती. नव्या स्टेडियमसाठी कर वाढवायचा की नाही यावर सप्टेंबरात मतदान झालं आणि ते थोडक्यात पडलं. आणि तेव्हाच टीम जिंकायला लागली. प्लेऑफला न्यूयॉर्क यांकीजविरुद्ध पहिल्या दोन हरून पुढच्या दोन जिंकल्या, ८ ऑक्टोबरला पाचवी मॅच, अकरावी इनिंग, एडगर मार्टिनेझने डाव्या कोपऱ्यात डबल मारला आणि ग्रिफी पहिल्या बेसवरून थेट घरी. ६-५. त्याच महिन्यात विधानसभेने खास अधिवेशनात स्टेडियमचे पैसे मंजूर केले. आज तुम्ही जिथे बसून गार्लिक फ्राइज खाता ते मैदान त्या सीझनमुळे आहे असं मी मानतो.

आणि मग काय झालं? मैदान आलं, माणसं गेली. रँडी जॉन्सन ९८ ला ट्रेड, ग्रिफी २००० च्या सुरुवातीला सिनसिनाटीला, त्याच वर्षअखेर ए-रॉड टेक्ससला २५ कोटी २० लाख डॉलरला. तिघंही गेल्यावर २००१ ला इचिरो आला आणि आम्ही ११६ मॅचेस जिंकलो, १९०६ च्या शिकागो कब्जच्या रेकॉर्डची बरोबरी! इचिरोला पहिल्याच वर्षी रूकी ऑफ द इयर पण आणि एमव्हीपी (वर्षातला सर्वोत्तम खेळाडू) पण. वाटलं आता कोण अडवतंय. यांकीजनी ४-१ ने घरी पाठवलं. ११६ जिंकून.

त्यानंतरचं न बोललेलं बरं पण फेलिक्सचं बोलतोच. फेलिक्स हर्नांडेझ, आमचा पिचर, २०१० ला १३ विजय १२ पराभव असा रेकॉर्ड असून साय यंग (पिचरचं सगळ्यात मोठं बक्षीस) मिळाला, कारण ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेले रन) २.२७ आणि टीम १०१ मॅच हरलेली. २०१२ ला परफेक्ट गेम टाकला, म्हणजे अख्ख्या मॅचमध्ये एकालाही बेसवर पोचू दिलं नाही. दुसऱ्या टीमनी मागितला असता तर सोन्याने मढवला असता, पण गडी राहिला इथेच. आणि सगळ्या करिअरमध्ये प्लेऑफचा एक बॉल टाकायला मिळाला नाही. एक बॉल. २०१९ ला त्याची शेवटची मॅच, पिवळे टीशर्ट घालून आम्ही सगळे स्टँडमध्ये, त्याला पण रडू आवरेना. मला स्प्रिंगरच्या होमरनपेक्षा हे जास्त लागतं.

खवट_पुणेकर
जो खेळ अमेरिकेबाहेर कुणी बघत नाही त्याच्या घरगुती स्पर्धेला वर्ल्ड सिरीज म्हणायचं आणि वर तिथे पोचलो नाही म्हणून दिवाळीत अश्रू ढाळायचे. चालू द्या.

बेलव्ह्यूचा_बंड्या
@खवट_पुणेकर, आम्हाला हरवणारी टीम कॅनडाची आहे. आणि जपान, कोरिया, तैवान, डॉमिनिकन रिपब्लिक, व्हेनेझुएला इथे जाऊन 'कुणी बघत नाही' एवढं एकदा म्हणून या, परत आलात तर बोलू.

@तिसरा_आउट काका, इचिरो यांकीजला गेला त्या दिवसाचं राहिलं तुमचं. जुलै २०१२, यांकीज सिअ‍ॅटलमध्येच खेळायला आले होते, सकाळी ट्रेड आणि संध्याकाळी त्याच मैदानात इचिरो पाहुण्यांच्या डगआउटमधून बाहेर आला. बॅटिंगला आल्यावर आपल्याच लोकांना वाकून नमस्कार. असल्या गोष्टी आपल्याकडेच होतात.

मीनल_एडिसन
ओ बंड्याभाऊ, तुमची टीम निदान सातव्या मॅचला हरली हो. मी न्यूयॉर्क मेट्सवाली. सीझनच्या आधी हुआन सोतोला ७६ कोटी ५० लाख डॉलर, १५ वर्षं. जूनच्या मध्यावर अख्ख्या लीगमध्ये आमचा रेकॉर्ड सगळ्यात भारी. नवऱ्याला (यांकीज फॅन, आईने सांगितलं होतं नीट चौकशी कर) रोज टोमणे मारून घेतले मी. मग जून संपेपर्यंत घसरण आणि घसरण ती थांबेचना. शेवटच्या दिवशी हिशेब असा की सिनसिनाटी हरली आणि आम्ही जिंकलो तर आम्ही आत. सिनसिनाटी हरली हो! देवाने आपलं काम केलं! आणि आम्ही मायामीकडून ४-० हरलो. मायामी, ज्यांना त्या मॅचमधून काहीच मिळणार नव्हतं. दोघांनी ८३ मॅचेस जिंकलेल्या, टायब्रेकर सिनसिनाटीकडे.

२००७ ला १७ मॅच बाकी असताना ७ ची लीड घालवली होती ते वेगळं. आणि दर १ जुलैला बॉबी बोनियाचा चेक. २००१ पासून खेळत नाही तो माणूस, त्याला दरवर्षी ११ लाख ९० हजार डॉलर, २०३५ पर्यंत. आमच्या घरचं मॉर्गेज त्याच्या आधी फिटेल.

यांकीनाना
सगळ्यांची दुःखं वाचली. आम्ही पण २००९ पासून जिंकलेलो नाही हो. २०२४ च्या वर्ल्ड सिरीजला पाचव्या मॅचमध्ये ५-० लीड होती, आमच्या ॲरन जज्जने हातातला कॅच सोडला, मग व्होल्पी चुकला, मग पिचर कोल पहिल्या बेसवर गेलाच नाही, एका इनिंगमध्ये पाच रन गेले आणि घरच्या मैदानावर डॉजर्सनी कप उचलला. ते काही सोपं नसतं.

मीनल_एडिसन
नाना, २७ टायटल्स आहेत तुमची. या धाग्यावर तुम्हाला फक्त पाणी भरायला प्रवेश आहे.

तिसरा_आउट
+१. पाणी पण गाळून.

नेपरव्हिलकर
कब्जवाले आम्ही १०८ वर्षं थांबलो. २०१६ ला क्लीव्हलंडमध्ये सातवी मॅच, नवव्या इनिंगनंतर बरोबरी आणि नेमका पाऊस, १७ मिनिटं खेळ बंद, त्या १७ मिनिटांत माझ्या सासऱ्यांना घाम फुटला, मग दहाव्या इनिंगला जिंकलो. बंड्या, १९७७ पासून म्हणजे अजून पन्नाशी पण नाही. रांगेत उभे राहा.

एक सांगू का, जिंकल्यावर मजा गेली जरा. पूर्वी हरलो की 'आपण कब्ज आहोत' म्हणायची सोय होती. आता हरलो की नुसतेच हरतो.

कोल्हापूरचा_गडी
बंड्याभाऊ मला यातलं ओ का ठो कळत न्हाई पण धागा लय भारी चाललाय म्हणून वाचतोय. एक सांगा, तो मुन्योझ का काय त्याला आणला न्हाई म्हणून सगळे चिडलेत, त्यात एवढं काय हाय? आणि तुमचा मॅनेजर काय झोपला हुता का?

बेलव्ह्यूचा_बंड्या
@कोल्हापूरचा_गडी भावा, बेसबॉलमध्ये पिचर एकदा बाहेर गेला की त्या मॅचमध्ये परत येत नाही. म्हणून सगळ्यात जबरी पिचर, त्याला क्लोजर म्हणतात, तो नवव्या इनिंगसाठी राखून ठेवायची पद्धत पडलीय, लीड असेल तर शेवटचे तीन आउट त्याचे. आमचा क्लोजर मुन्योझ. आता समज बुमराला १९ व्या ओव्हरसाठी राखून ठेवलाय आणि १५ व्या ओव्हरलाच मॅच हातातून चाललीय, समोर त्यांचा सगळ्यात डेंजर बॅटर. तेव्हा बुमराला आणणार की नाही? मॅच त्याच बॉलवर ठरणार आहे हे घरात बसलेल्या पोराला दिसत होतं. स्प्रिंगरला पाचव्या मॅचमध्ये गुडघ्यावर बॉल बसला होता, लंगडत होता. आणि हा स्प्रिंगर २०१७ च्या ॲस्ट्रोजमधला, ज्या टीमने कचऱ्याचे डबे वाजवून पिचर-कॅचरच्या खुणा (साइन) आपल्या बॅटरला फोडल्या असं लीगनेच पुढे जाहीर केलं. आमच्याच डिव्हिजनमध्ये वर्षानुवर्षं आम्हाला धुतलेला माणूस. दुसऱ्या कुणी मारला असता तर निम्मंच दुखलं असतं.

मॅनेजर डॅन विल्सन म्हणजे ९५ च्या त्या टीमचा कॅचर. म्हणून धड शिव्या पण देता येत नाहीत.

तिसरा_आउट
डॅनला शिव्या द्यायच्या नाहीत. बझार्डो वर्षभर उत्तम टाकत होता, आणि आठव्या-नवव्याला त्यांचे मधले बॅटर येणार होते त्याचा विचार केला असणार. तो होमरन बसला नसता तर आज तुम्हीच त्याच्या डोक्याची तारीफ केली असती.

बेलव्ह्यूचा_बंड्या
काका, बसला ना पण.

फ्रीमाँटची_मावशी
मी बरेच दिवस नुसती वाचत होते, लिहू की नको करत. तुम्हा सगळ्यांच्या टीम हरतात. माझी गेली.

ओकलंड ए'ज. आम्ही बे एरियात आलो तेव्हा हातात पैसे नव्हते, सॅन फ्रान्सिस्को जायंट्सची तिकिटं परवडायची नाहीत, आणि ए'जच्या कोलिसियमला बार्टने (तिकडची लोकल ट्रेन) जायचं, पूल ओलांडला की स्टेडियम, स्वस्तात वरच्या मजल्यावर कुठेही बसा. स्टेडियम भिकार होतं हे मी स्वतः सांगते, एकदा तर ड्रेसिंग रूममध्ये सांडपाणी आलं होतं, बातमीच होती पेपरात. पण उजव्या बाजूच्या स्टँडमध्ये ढोल असायचे, सगळी मॅच वाजवायचे, मला पहिल्यांदा ऐकलं तेव्हा गणपतीची मिरवणूकच आठवली. माझ्या मुलाने मराठी आकडे स्कोअरकार्डवर शिकले, बाबा तीन आउट, बाबा नऊ इनिंग.

मालक जॉन फिशर. पैसा खर्च करणार नाही, चांगला खेळाडू झाला की विकणार, मग लोक येईनात, मग म्हणायचं बघा लोक येत नाहीत, टीम हलवतो. जून २०२३ ला लोकांनी उलटा बहिष्कार केला, म्हणजे ठरवून सगळे मॅचला गेले, २७ हजारांवर लोक, सगळ्यांच्या हिरव्या टीशर्टवर 'सेल' लिहिलेलं, म्हणजे टीम विकून टाक बाबा. आम्ही तिघंही होतो. त्या दिवशी जिंकलो पण. आणि नेमकं त्याच दिवशी नेवाडाच्या सिनेटने व्हेगासच्या स्टेडियमला पैसे द्यायचं मंजूर केलं.

२६ सप्टेंबर २०२४ ला शेवटची मॅच, टेक्ससला ३-२ ने हरवलं, ४६ हजारांच्या वर माणसं. मॅच संपली तरी कुणी उठेना. मैदानावरची माती लोकांना भरून देत होते, आमच्याकडे बरणीत आहे. आता टीम वेस्ट सॅक्रामेंटोत मायनर लीगच्या चौदा हजारांच्या मैदानात खेळते, नावात शहरच नाही, नुसतं ॲथलेटिक्स. व्हेगास २०२८ म्हणतात.

तुमचा स्प्रिंगर पुढच्या वर्षी आउट होईल हो बंड्या. होईलच कधीतरी.

मीनल_एडिसन
मावशी :( शब्द नाहीत. आता कुणाला सपोर्ट करता मग?

फ्रीमाँटची_मावशी
मुलगा हळूहळू जायंट्सकडे सरकतोय, त्याचे मित्र सगळे तिकडचे. मी त्याला काही म्हणत नाही. मी स्वतः जायंट्स? जीव गेला तरी नाही. सॅक्रामेंटोच्या मॅचचा स्कोअर फोनवर बघते आणि कुणी बघत नाहीये ना ते बघते. निक कुर्ट्झने एका मॅचमध्ये चार होमरन मारले जुलैत, रूकी, आणि मी किचनमध्ये एकटीच ओरडले, मग मलाच कळेना ओरडावं की नाही. फिशरच्या टीमसाठी का म्हणून ओरडायचं?

ठाणे_रिटर्न
मावशींच्या पोस्टनंतर माझं रडगाणं फारच किरकोळ आहे पण लिहितो. मी सिअ‍ॅटलमध्ये होतो, आता ठाण्यात. तिकडे असताना पैसे भरून लीगचं स्ट्रीमिंग घेतलं तर मरिनर्सचीच मॅच दिसायची नाही, बाकी २९ टीम बघा! लोकल हक्क केबल चॅनेलकडे असायचे म्हणून त्या एरियात ब्लॅकआउट. आयोवात राहणाऱ्याला तर सहा टीम दिसायच्या नाहीत, आणि आयोवात एकही टीम नाही. इथे बारा हजार किलोमीटरवर बसून मला मरिनर्सची प्रत्येक मॅच दिसते. संध्याकाळची ७:१० म्हणजे आपली सकाळी ७:४०. चहा, पोहे, पहिली तीन इनिंग. मग लोकल. घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये पाचवी-सहावी रेडिओवर. ऑफिसात पोचून लॅपटॉप उघडेपर्यंत बुलपेनने (राखीव पिचरांनी) मॅच घालवलेली असते, सगळा दिवस पुढे पडलेला. तुमचं निदान हरल्यावर झोपायला जाता येतं!

आणि यंदा सहावी मॅच नेमकी नरकचतुर्दशीच्या पहाटे. साडेपाचला सुरू. इकडे आई उटणं घेऊन उभी, म्हणे सूर्योदयाच्या आत अंघोळ केली नाही तर नरकात जाशील. म्हटलं आई, मी तिथूनच तर बघतोय. तेल लावून, टॉवेलवर बसून, फोन पाटासमोर, ६-२ ने हरलो. दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजनाच्या पहाटे सातवी. फटाके मात्र बाहेर जोरात.

नम्म_हिंजवडी
बेसबॉल कळत नाही पण आरसीबी फॅन या नात्याने आत येतो. १८ सीझन. ४९ ऑलआउट पाहिलंय आम्ही. दरवर्षी 'ई साला कप नमदे' आणि दरवर्षी व्हॉट्सॲपवर आमचेच मीम. जून २०२५ ला शेवटी मिळाला. होतं बंड्याभाऊ.

खवट_पुणेकर
आणि त्याच आठवड्यात बेंगळुरूत चेंगराचेंगरीत माणसं मेली हे पण लिहा. कपाच्या पायी एवढं वेड लागू नये माणसाला.

नम्म_हिंजवडी
त्याबद्दल दुमत नाही. त्या दिवसानंतर आनंद कसा करायचा तेच कळेना आम्हाला.

कोल्हापूरचा_गडी
नजर लागलीय वो तुमच्या टीमला. मीठ-मोहऱ्या ओवाळून टाका की मैदानावरनं.

बेलव्ह्यूचा_बंड्या
@कोल्हापूरचा_गडी हसशील, पण हे झालंय! सप्टेंबरात टीम गटांगळ्या खात होती तेव्हा एका फॅनने ऑनलाइन हस्तकलेच्या साइटवर जादूटोणा करणारी बाई शोधली, पैसे भरून टीमवरची बाधा उतरवायला सांगितलं. आणि टीम लागोपाठ दहा जिंकली. मग सगळं शहर त्या बाईच्या नावाने टीशर्ट घालून फिरायला लागलं, इंजिनियर लोक हां, पीएचडीवाले. मैदानावर माशांचे पोशाख घालून शर्यत होते, त्यातला हंपी नावाचा सामन कधीच जिंकायचा नाही, तो डेट्रॉइटच्या त्या १५ इनिंगच्या मॅचला पहिल्यांदा जिंकला. आमच्या ऑफिसच्या चॅटवर तो शुभशकुन म्हणून फिरत होता. मी पण ती संपूर्ण सिरीज एकच जर्सी न धुता घातली, बायकोने ती बाल्कनीत टांगून ठेवायला लावली होती.

यांकीनाना
पाणी भरायला आलो होतो तर सांगून जातो, एमव्हीपी जज्जला मिळाला. दिवे घ्या.

बेलव्ह्यूचा_बंड्या
१७-१३. सतरा मतं जज्जला, तेरा रॅलीला. कॅचरने ६० होमरन मारले, दीडशेवर मॅचेस काढल्या, त्यातल्या बहुतेक गुडघ्यांवर बसून, पिचर सांभाळले आणि तरी दुसरा. म्हणजे आम्ही बक्षिसात पण दुसरे.

यांकीनाना
जज्जचं ॲव्हरेज .३३१ आहे बंड्या. रॅलीचं .२४७. ५३ होमरन मारून लीगचा बॅटिंग टायटल घेणं पण काही खायचं काम नाही. भावना बाजूला ठेवून बघा.

तिसरा_आउट
नाना, आकडे बरोबर आहेत तुमचे. पण जज्ज उजव्या कोपऱ्यात उभा राहतो आणि रॅली प्रत्येक बॉलला उकिडवा बसतो, फाउल बॉल अंगावर घेतो. मी फक्त दिवाळीच्या साफसफाईला माळ्यावर चढलो तर चार दिवस वाकता येत नव्हतं. मला विचाराल तर मत रॅलीला. आमच्या शहरात हा विषय अजून दहा वर्षं पुरणार.

मीनल_एडिसन
आमच्या घरी पुरलाय. काल जेवताना नवऱ्याने परत काढला.

बेलव्ह्यूचा_बंड्या
चला, एक बरी बातमी, आपला फर्स्ट बेसवाला नेलर, त्याने पाच वर्षांचं काँट्रॅक्ट केलं आपल्याशी. जुलैत ट्रेडमध्ये आला, पळायला स्लो आणि तरी बेस चोरतो, असला नग हातचा जाणार असंच धरून चाललो होतो. @तिसरा_आउट काका, मार्चमध्ये पिओरियाला स्प्रिंग ट्रेनिंगला येणार का? ॲरिझोनात ऊन असेल, आणि तिथे हरलो तरी मोजत नाहीत.

तिसरा_आउट
येतो. हिला फिनिक्सला मैत्रिणीकडे सोडतो आणि येतो.

मीनल_एडिसन
धागा वर काढते. डिसेंबरातली ताजी खबर: आमचा क्लोजर एडविन डियाझ डॉजर्सला गेला, पीट अलोन्सो बाल्टिमोरला गेला. डियाझ मूळचा तुमचाच ना बंड्याभाऊ, २०१८ ला तुम्ही आम्हाला दिलेला? आणि एवढं सगळं गेल्यावर आमच्या साहेबांनी आणलं कुणाला, तर तुमच्या होर्हे पोलान्कोला, दोन वर्षं, चार कोटी डॉलर. आणि म्हणे फर्स्ट बेसवर खेळवणार, जिथे तो जवळजवळ कधी खेळलेलाच नाही. मी हसू की रडू?

ठाणे_रिटर्न
अरे देवा. पंधराव्या इनिंगला डेट्रॉइटला संपवणारा माणूस तो. मी लोकलमध्ये ओरडलो होतो त्याच्या नावाने.

बेलव्ह्यूचा_बंड्या
घ्या मीनलताई, जपून वापरा. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे त्याचं, थंडीत जास्त पळवू नका. एप्रिलमध्ये एवढा मारेल की तुम्ही जर्सी मागवाल. मे-जूनमध्ये बॅट कुठल्या बाजूने धरायची ते विसरेल, तेव्हा जर्सी परत करू नका. ऑगस्टात आठवतं त्याला.

मीनल_एडिसन
ऑगस्टपर्यंत आम्ही असू का शर्यतीत?